फळमाश्यांचं गाणं अभ्यासायचंय? आधी एवढं सांभाळ

विषय सुंदर निवडलायस. मादीला रिझवायला नर एक पंख आडवा पसरून थरथरवतो, तेच त्याचं गाणं; मादी ते शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिकांनी टिपते. गाणं पटलं की तिची चाल मंदावते. सुरुवातीला हे नुसतं डोळ्यांनी ओळखायला शिक. रेकॉर्डिंगचं नंतर बघू.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुमारी माद्या. 25 अंशांवर वाढवत असशील तर कोशातून बाहेर आल्यावर आठ तासांच्या आत नरांपासून वेगळ्या कर. फिकट अंग आणि पोटात गडद ठिपका दिसला की खुशाल घे. मीलन झालेली मादी नराला झिडकारते आणि नवशिक्यांना वाटतं, गाणंच आवडलं नाही!

दुसरं तापमान. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर, म्हणजे प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या फळमाशीच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण 35 मिलिसेकंद असतं. उकाड्यात ते कमी होतं. त्यामुळे पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी पंख्याखाली प्रयोग नको. मंडईतल्या केळ्यांवरच्या माश्याही नकोत, त्यांत जाती मिसळलेल्या असू शकतात.

प्रयोगाच्या दिवशी माश्या बेशुद्ध करू नकोस, ओढनळीने (हवेबरोबर माशी ओढून घेणाऱ्या नळीने) हलव. मग पंख कापलेले, म्हणजे गाऊ न शकणारे नर आणि धडधाकट नर वेगवेगळ्या माद्यांसोबत ठेव, आणि मीलनाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोज.