लातूरला राहतो, जुन्या टर्नटेबलला (रेकॉर्ड प्लेअरला) घरीच टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, करायचाय. सगळ्यात अवघड काय?

आर्मच्या नळीचं काही नाही हो, खरी कसोटी आर्म ज्यावर फिरतो त्या सांध्याची. सुईवर भार जेमतेम 2 ग्रॅम असतो. सांधा जरा जरी अडकला, की सुई रेकॉर्डच्या खोबणीच्या एकाच भिंतीवर रेलते आणि दुसऱ्या बाजूचा आवाज फाटतो. एमआयडीसीतल्या चांगल्या लेथवाल्याकडून कडक पोलादाची टोकदार पिन आणि तिच्यासाठी खोलगट वाटी करून घ्या. एकाच टोकावर तोललेला आर्म घरच्या हत्यारांत जमतो. दोन दिशांना बेअरिंग लावायचा हट्ट पहिल्या आर्मला तरी नको, तिथे सूतभर वाकडंही चालत नाही.

सुईपासून आवाज नेणाऱ्या तारांकडे हमखास दुर्लक्ष होतं. अगदी बारीक, मऊ तारा घ्या आणि सांध्याजवळ सैल वेटोळं सोडा. ताठ तार आर्मला मागे ओढते.

मग वजन. आर्मचं प्रभावी वजन (हलताना सुईला जाणवणारं), कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि स्क्रू मिळून 18 ग्रॅम, कार्ट्रिजचा कम्प्लायन्स (सुईच्या आधाराचा लवचिकपणा) 15 धरा. दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून 159 ला त्याने भागा: सुमारे 9.7 हर्ट्झ, ही आर्म आणि सुईची स्वतःची कंपनसंख्या. 8 ते 12 मध्ये आलं की झालं. आर्मच्या मागच्या टोकाचं तोलाचं वजन जड ठेवा, पण सांध्याला चिकटून. लांब सरकलं की अंतराच्या वर्गाने भारी पडतं.

कार्ट्रिजचा कोन छापील प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या कागदावर) लावा, रेकॉर्डच्या मध्यापासून 66 आणि 121 मिमी त्रिज्येवर.

नळी बांबूची करणार असाल तर आतून-बाहेरून पॉलिश मारा. आपला मे महिना आणि त्यामागून येणारी दमट हवा, यात बांबू वाकू शकतो.