ट्यून केलेल्या पुंतोला फ्लेक्स-फ्यूएल: कुठला किट, कसा बसवायचा, आणि गोव्यात टाकीत ओतायचं काय

एका ऑनलाइन धाग्यात आलेला प्रश्न थोडक्यात असा: मडगावची अबार्थ पुंतो, डाउनपाइप (टर्बोनंतरचा मोकळा एक्झॉस्ट पाइप) आणि रिमॅप (इसीयू, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग बदलणं) करून साधारण १८० बीएचपी. ऑनलाइन मिळणारा, चार इंजेक्टरांच्या सॉकेटात अडकवायचा 'फ्लेक्स-फ्यूएल' (पेट्रोल-इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालवू देणारा) डबा घ्यावा का? डबा घेऊ नका. इथेनॉल सेन्सर आणि त्याला ओळखणारं ट्यूनिंग घ्या, पण त्याआधी इंधनाचा हिशेब करा.

गोव्याच्या पंपावर जे मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. मार्च २०२४ मध्ये ई१०० सुरू झालं ते पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर. त्या यादीत महाराष्ट्र आणि कर्नाटक होते, गोवा नव्हता. म्हणजे टाकी भरायची घाटापलीकडे आणि पुढची भर इथल्या ई२०ची. हा 'ई१००' शंभर टक्के नसतो, इथेनॉल साधारण ९३ टक्के धरा. ४५ लिटरच्या टाकीत असं २० लिटर उरलंय आणि गोव्यातल्या साखळी गावच्या पंपावर २५ लिटर ई२० घातलं, तर मिश्रण होतं ५२ टक्के. पुढच्या भरीला आणखी वेगळं. दोन मॅप (दोन ठरावीक मिश्रणांची ट्यूनिंग) आणि एक स्विच ही व्यवस्था इथे साफ कोलमडते, सेन्सर लागतोच. ड्रममधून स्पिरिट आणून घरी मिसळायचा बेत असेल तर सोडून द्या. परवान्याविना ते अबकारी खात्याचं प्रकरण होतं, आणि डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मुद्दाम काय घातलंय ते इंजेक्टरला कळत नसलं तरी भोगावं त्यालाच लागतं. (कोणीतरी फेणीचं विचारणारच: त्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं.)

डबा का नको? तो इसीयू आणि इंजेक्टरच्या मध्ये बसून पल्स (इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ) ठरावीक टक्क्याने लांबवतो. साध्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर उरलेली चूक सावरून घेतो. तुमच्या गाडीत फुल थ्रॉटलला इसीयू त्या सेन्सरचं ऐकतच नाही, आणि डबा इग्निशन (ठिणगीची वेळ) किंवा बूस्टला (टर्बोचा दाब) हात लावत नाही. त्यातून इंजेक्टर आधीच ८५ टक्के ड्यूटीवर (मिळणाऱ्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ उघडा) असेल तर पल्स लांबवायला वेळच शिल्लक नसतो. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), तेही नेमकं जास्तीत जास्त बूस्टवर.

आता इंजेक्टर. टर्बो इंजिनाला ई८५वर (८५ टक्के इथेनॉल) दर बीएचपीला तासाला साधारण ०.३६ किलो इंधन लागतं, पेट्रोलवर ०.२७. १८० बीएचपीला ६५ किलो, म्हणजे ८३ लिटर तासाला. चार इंजेक्टर आणि ८५ टक्के ड्यूटी धरली की प्रत्येकी सुमारे ४१० सीसी प्रतिमिनिट. इथे बरेच जण थांबतात आणि फसतात. गाडीत रिटर्न लाइन (जादा इंधन टाकीत परत नेणारी नळी) नसेल आणि रेलचा (इंजेक्टरांना इंधन वाटणाऱ्या नळीचा) दाब ३.५ बारवर स्थिर असेल, तर १.२ बार बूस्टला इंजेक्टरवर प्रत्यक्ष फरक उरतो २.३ बारचा. ३ बारला मोजलेला इंजेक्टर तेव्हा १२ टक्के कमी देतो. म्हणून गरज ४७० सीसीच्या आसपास जाते, आणि मी ५५० सीसी सांगेन. डेड टाइमचा (सिग्नल मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतच्या वेळेचा) तक्ता देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. तक्त्याशिवायचा इंजेक्टर स्वस्त पडतो, पण आयडल कधीच जागेवर बसत नाही.

पंप ई८५साठी बनवलेला हवा, पण आकार बघून. रिटर्नलेस टाकीतला छोटा रेग्युलेटर फार मोठ्या पंपाचा लोंढा सोडू शकत नाही आणि मूळ दाबच चढतो. पंप बदलल्यावर रेलला गेज लावून आयडल आणि पूर्ण बूस्ट दोन्हीकडे आकडा लिहून घ्या.

सेन्सर म्हणजे जीएम गाड्यांमध्ये येणारा तीन तारांचा काँटिनेंटल. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. पल्सच्या रुंदीतून इंधनाचं तापमानही मिळतं. बसवण्याआधी ट्यूनरकडून लेखी घ्या की तुमच्या इसीयूत फ्लेक्सची टेबलं चालतात आणि सिग्नल कुठल्या पिनवर घ्यायचा. उत्तर 'बघू या' असेल तर किटचे पैसे देऊ नका, कारण मग सेन्सर हा फक्त डॅशबोर्डवरचा शोभेचा आकडा.

बसवताना पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मगच बॅटरीची निगेटिव्ह सोडा आणि लाइन उघडा. रिटर्नलेस गाडीत सेन्सर फिल्टरनंतर, रेलच्या आधी, फीड लाइनवर. टर्बो आणि डाउनपाइपपासून लांब, रबर लावलेल्या ब्रॅकेटवर. त्याची दोन्ही तोंडं ३/८ इंच क्विक-कनेक्टची असतात, तुमची लाइन ८ मिमी असेल तर अडॅप्टर घ्या. पाइप गरम करून ओढूनताणून बसवू नका. होज पीटीएफईचा (टेफ्लॉन) किंवा आतून एफकेएमचा (इथेनॉल सोसणारं रबर). साधा रबरी होज आतून फुगतो आणि त्याचा काळा चुरा इंजेक्टरच्या जाळीत अडकतो. क्लॅम्प फ्यूएल इंजेक्शनचे, स्क्रूचे खाचवाले नव्हेत.

१२ व्होल्ट इग्निशननंतरच्या लाइनवरून, ३ अँपिअर फ्यूज लावून. अर्थ बॉडीला नको, इसीयूच्या सेन्सर-ग्राउंडला. सिग्नल तारेला पुल-अप रेझिस्टर लागतो, काही इसीयूत तो आतच असतो. बाहेरून लावायचा तर २.२ ते ४.७ किलोओहम. इग्निशन कॉइलच्या तारांशी समांतर नेऊ नका. ई२० भरून मल्टिमीटरवर ७० हर्ट्झच्या आसपास दिसलं की वायरिंग बरोबर. खात्री हवी असेल तर काचेच्या मापकात २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर ३६ मिलीच्या जवळपास यायला हवा.

ट्यूनिंगमधला सर्वांत मोठा गोंधळ एएफआर (हवा-इंधन गुणोत्तर) गेजचा. वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर) लॅम्डा मोजतो, म्हणजे प्रत्यक्ष गुणोत्तर त्या इंधनाच्या आदर्श गुणोत्तराच्या किती पट आहे ते, आणि पेट्रोलच्या १४.७ने गुणून आकडा दाखवतो, टाकीत काय आहे त्याला माहीत नसतं. ०.८२ लॅम्डा म्हणजे गेजवर १२.०५, ई२० असो वा ई८५. प्रत्यक्षात ई८५चं गुणोत्तर तिथे ८ असतं. 'ई८५ला ९.८ पाहिजे' म्हणून गेजवर ९.८ आणणाऱ्यांनी सिलिंडर इंधनाने धुऊन काढले आहेत. गेज लॅम्डावर टाका, प्रश्न मिटतो.

इंधन इथेनॉलच्या टक्क्यासोबत जवळजवळ सरळ रेषेत वाढतं. इग्निशन तसं नाही. नॉकपासूनची (इंधन अवेळी पेटून होणाऱ्या ठोक्यांपासूनची) बरीचशी मोकळीक ५० टक्क्यांच्या आतच मिळते, म्हणून ई२० ते ई८५ सरळ रेषेत टायमिंग वाढवलं तर मधे उगाच कमी राहतं. आणि नॉक ऐकू येत नाही म्हणून डिग्री चढवत राहू नका. टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबा. स्पार्क प्लग एक पायरी थंड, गॅप ०.६५ मिमी.

रिमॅप ई१०च्या (१० टक्के इथेनॉल) काळातला असेल तर किट न घेताही एक काम आहे. ई१०चं गुणोत्तर १४.१, ई२०चं १३.५. फक्त इंधन बदलल्याने लाँग टर्म ट्रिम (इसीयू इंधनात स्वतःहून करत असलेली कायमची दुरुस्ती) चार-साडेचार टक्के वर जातो. त्याहून बराच जास्त दिसला तर आधी गळती शोधा.

ट्यूनरकडून फेलसेफ (सेन्सर बिघडला तर इंजिन वाचवणारी सोय) मागून घ्या: सेन्सर १५० हर्ट्झच्या वर गेला किंवा बंद पडला तर इंधनासाठी शेवटचा बरोबर आकडा धरायचा, टायमिंग ई२०चं, बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंगवर, म्हणजे कमीत कमी. गाडी उभी असताना सॉकेट काढून तपासा. आपल्याकडे पावसाळ्यात हे उपयोगी पडतं, पाणी मिसळलेल्या इंधनावर सेन्सर वेडेवाकडे वरचे आकडे दाखवतो. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. फिल्टर पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर बदला, इथेनॉल जुना चिकटा सोडवून आणतं. ऑइल ५००० किमीला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२खाली असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही, आणि विमा कंपनी अपघातानंतर तेवढंच बघते.

त्याच धाग्यात पोलो टीएसआयचंही विचारलंय. ते डायरेक्ट इंजेक्शन आहे, वरचा इंजेक्टरांचा हिशेब तिथे लागू नाही. तिथे आधी संपतो तो हाय-प्रेशर पंप. लॉगमध्ये रेलचा मागितलेला आणि प्रत्यक्ष दाब शेजारी ठेवा. वरच्या आरपीएमला प्रत्यक्ष दाब खाली पडू लागला, की त्या पंपावर इथेनॉलची मर्यादा तिथेच.