बहिणीचं लग्न 16 व्या वर्षी झालं, आता रद्द होईल का?

प्रश्न: धाकट्या बहिणीचं 16 व्या वर्षी लग्न लावलं, आता ती 19 ची आहे आणि तिला तिकडे राहायचंच नाहीये. घरचे म्हणतात, आता काही होत नाही. खरंय का?

उत्तर: अजिबात नाही ताई, पण प्लीज घाई करा. 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात असं लग्न आपोआप रद्द होत नाही (इथेच बरेच जण फसतात), पण ती स्वतः जिल्हा कोर्टात अर्ज करून ते रद्द करून घेऊ शकते, मात्र 20 पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे वर्षभरही हातात नाहीये. दुसरं लग्न होईपर्यंत पोटगी मागता येते, मूल असेल तर ते औरसच (म्हणजे कायदेशीर). वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला आजच शोधा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना वकील मोफत मिळतो.