वरच्या दाढेच्या इम्प्लांटआधी हाड भरावंच लागतं का?
दरवेळी नाही. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू. दाढ काढून बरीच वर्षं झाली की खालून हाड झिजतं आणि वरून सायनसची (गालामागची, नाकाला जोडलेली हवेची) पोकळी उतरते. किती हाड उरलंय ते सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवर) कळतं. साधारण ८-१० मिमी असेल तर थेट इम्प्लांट बसतो. ५-६ मिमी असेल तर इम्प्लांटसाठी पाडलेल्या भोकातूनच सायनसचा पडदा थोडा उचलून भागतं. त्याहून कमी असेल तर बाजूने हाडात खिडकी पाडून ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, घालतात, मग सहाएक महिने थांबणं आलं.

ग्राफ्ट कशाचा, हे आधीच विचारा. बरेचदा तो गायीच्या हाडापासून केलेला असतो; चालत नसेल तर कृत्रिमही मिळतो. नंतर काही दिवस नाक जोरात शिंकरू नका, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवा. आणि सिगारेट बंद, त्यात सवलत नाही.