वाचक विचारतात : चेंडू नव्हे, गार्ड बघा

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला राहतो. आठवीतला मुलगा पँथर्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ल्यूक कीकलीचे जुने सामने पुन्हा पुन्हा लावतो. समोरच्यांची चाल त्याला आधीच कशी कळायची? आणि ऐन भरात, 28व्या वर्षी त्याने खेळ का सोडला? मुलालाही आता शाळेच्या संघात लाइनबॅकर व्हायचंय.

उत्तर : मधला लाइनबॅकर हा बचावपटू आपल्या आघाडीच्या फळीमागे चार-पाच यार्डांवर उभा राहतो. नवखा असेल तर हटकून चेंडूकडे बघतो, आणि तिथेच फसतो. नजर हवी समोरच्या गार्डवर, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या आघाडीच्या फळीत मधल्या खेळाडूशेजारी असतो त्याच्यावर. गार्ड वाकून पुढे घुसला तर बहुधा धाव (चेंडू घेऊन पळणं), मागे सरून ताठ झाला तर पास (चेंडू पुढे फेकणं). जागा सोडून आडवा पळाला, तर तो जिकडे जाईल तिकडेच चेंडू जाणार, असं धरून चालायचं. हे सगळं त्याच्या पहिल्या पावलात ओळखायचं असतं. म्हणून तर क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) चेंडू धावपटूला दिल्याचं सोंग करतो आणि गार्डही त्यात सामील होतात. लाइनबॅकर दोन पावलं पुढे धावला की मागची जागा उघडी पडते आणि पास नेमका तिथे येतो.

कीकली सहसा चकत नसे, कारण त्याचा निम्मा अंदाज चेंडू हलण्याआधीच झालेला असे. टाइट एंड (फळीच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा खेळाडू) कुठल्या बाजूला आहे, धावपटू किती मागे उभा आहे, चार संधींपैकी हा डाव कितवा, पुढच्या चार संधी मिळवायला किती यार्ड हवेत, एवढ्यावरून शक्य चाली दोन-तीनच उरतात. हे तासन्‌तास व्हिडिओ बघूनच जमतं. बचावातल्या एकाच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा रेडिओ असतो, पण चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद. पुढचे बदल त्या खेळाडूने ओरडूनच सांगायचे.

2012 साली बोस्टन कॉलेजमधून कीकली एनएफएल या व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत (ड्राफ्ट) नवव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि 2013मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. पण 2015, 2016 आणि 2017 या तिन्ही हंगामांत मेंदूला हादरा बसला. 2016चे तर शेवटचे सहा सामने हुकले. जानेवारी 2020मध्ये निवृत्त होताना त्याने हादऱ्यांचं नाव घेतलं नाही. वेगाने आणि ताकदीने खेळणं आता जमेलसं वाटत नाही, एवढंच कारण दिलं. आम्हाला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो.

मुलाच्या टॅकलमध्ये (धावपटूला अडवून पाडताना) एकच गोष्ट बघा, मान. धडक खांद्याने द्यायची, डोकं वर आणि धावपटूच्या अंगाच्या बाजूला. डोकं खाली गेलं की मानेचा बाक सरळ होतो आणि सगळा धक्का मणक्यांवर जातो. हादऱ्याची शंका आली तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही, आणि परतायला लेखी परवानगी लागते. नॉर्थ कॅरोलिनात 2011पासून सरकारी शाळांसाठी तसा कायदाच आहे. ‘बरं वाटतंय’ हे मुलाचं म्हणणं तिथे चालत नाही.