इंजिन माउंट (इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडून धरणारा आधार) बदलताना ऑईल पॅनखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली, जॅक लावून इंजिनाला आधार दिला तर चालते का?

चालते, परंतु जॅक आणि पॅन यांच्यामध्ये तळाचा बहुतांश भाग व्यापेल असा जाड, सपाट लाकडी ठोकळा ठेवला आणि माउंटवरचा भार हलका होईल एवढाच जॅक चढवला तरच. पॅन तेल साठवण्यासाठी बनवलेले असते, इंजिनाचे वजन पेलण्यासाठी नव्हे. जॅकचे लहान डोके थेट टेकल्यास पत्र्याला पोचा पडतो, आणि ऑईल पंपाची जाळीदार शोषनळी तळापासून अगदी थोड्या अंतरावर असल्यामुळे बाहेरून किरकोळ वाटणारा पोचाही तेलाचा प्रवाह रोखू शकतो. ड्रेन प्लगवर (तेल काढण्याच्या छिद्राच्या बोल्टवर) भार येऊ देऊ नये. ओतीव ॲल्युमिनियमचे पॅन मात्र वाकण्याऐवजी तडकते, आणि काही गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकेत पॅनखाली जॅक लावण्यास स्पष्ट मनाई असते. अशा वेळी इंजिन वरून टांगून धरणारा सपोर्ट बार वापरावा. गाडीखाली शिरावे लागणार असेल, तर गाडी सपाट, कठीण जमिनीवर ठेवलेल्या जॅक स्टँडवरच (स्थिर धातूच्या आधारांवरच) टेकलेली असावी, कारण हायड्रॉलिक जॅक केवळ तेलाच्या दाबावर उभा असतो आणि त्याचे सील निकामी झाले की तो खाली बसतो.