रिचर्ड बर्टनची फत्तेमारी

प्रश्न : रिचर्ड बर्टन हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि प्रवासी तरुणपणी मुंबईहून गोव्याला शिडाच्या गलबतातून गेला होता, असं वाचलं. त्याला मराठी येत होतं का? आणि हा प्रवास व्हायचा कसा?
– एक वाचक, देवगड

उत्तर : येत होतं, तेही परीक्षा देऊन. १८४२च्या ऑक्टोबरात एकविसाव्या वर्षी बर्टन मुंबईत उतरला आणि बडोद्याला १८व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत रुजू झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत दुभाष्याची जागा मिळवायला भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत. हिंदुस्तानी आणि गुजराती त्याने १८४३ साली उरकल्या, मराठी १८४४मध्ये. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तेव्हा छापून तेरा वर्षं झाली होती.

पुढे सिंधमध्ये सर्वेक्षणाच्या कामावर असताना आजारी पडून त्याला दोन वर्षांची रजा मिळाली. निलगिरीला जायचं म्हणून १८४७च्या फेब्रुवारीत तो फत्तेमारीने, म्हणजे किनाऱ्यावरच्या शिडाच्या मालवाहू गलबताने, गोव्याला निघाला. दक्षिणेकडे जायला हे दिवस उत्तम. दुपारी वायव्येचा दर्यावारा मागून ढकलतो, आणि रात्री जमिनीकडून सुटलेला मतलई वारा पहाटेपर्यंत पूर्वेकडून, म्हणजे बाजूने शिडात भरतो. दोन्ही उपयोगी पडतात. परतताना मात्र तोच वायव्येचा वारा तोंडावर येतो, आणि तांडेलाला (गलबताच्या प्रमुखाला) मतलईवरच जास्त भिस्त ठेवावी लागते.

खरी अडचण एक वारा पडून दुसरा सुटेपर्यंतच्या वेळेत. सकाळी मतलई पडला की गलबत प्रवाहाबरोबर वाहू लागतं. मालवण, निवती, वेंगुर्ल्यासमोर खडक आहेत, म्हणून तिथे वेळीच नांगर टाकायचा.

दिशा बदलतानाही जपावं लागतं. तिकोनी शिडाची लांब तिरकी काठी डोलकाठीच्या एका अंगाला असते. ती दुसऱ्या अंगाला न्यायची तर आधी गलबताची पाठ वाऱ्याला द्यायची, काठी उभी करायची आणि डोलकाठीच्या पुढून फिरवायची. वारा समोरून शिडात शिरला तर शीड डोलकाठीवर दाबलं जातं, ती मोडूही शकते. सगळ्या खलाशांनी एकाच वेळी हात चालवावे लागतात ते यासाठीच.

या प्रवासावरचं त्याचं पुस्तक १८५१ साली लंडनमध्ये निघालं. गलबत आणि बंदरांच्या वर्णनासाठी ते जरूर वाचा. इथल्या माणसांबद्दलची त्याची मतं मात्र पूर्वग्रहांनी भरलेली आहेत, ती पुरावा म्हणून घेऊ नका.